पडवींतला नाताळ

दिवाळीच्या अंकांत सणावारांच्या खर्चाविषयीं लिहितांना 'आतां पुढला सण संक्रांतीचा' असें एक वाक्य मी सहज लिहून गेलों. त्यावर डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींनीं मला बरोबर धरलें. त्या लिहितात, "गुरुजी, तुमच्या पंचांगांत नसला तरी आमच्या घरांत मधेंच एक सण येऊन बसला आहे. मुलें शाळेंतून येतात तीं नाताळाचें झाड मागत येतात. सासूबाईंना तें रुचत नाहीं, दुकानांतल्या किमती आम्हांस परवडत नाहींत, आणि मुलांचें उतरलेलें तोंड पाहवत नाहीं. तर करावें काय?"

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाहीं. त्यांत पैसा आहे, श्रद्धा आहे आणि मुलांचा हट्टहि आहे. ह्या तिहींवर एकदम उपदेश करण्याची माझी छाती नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरीं काय घडलें तेवढें सांगतों. त्यांतून ज्याला जें घ्यावयाचें तें तो घेईल.

आमचें घर शहापुरांत, माहुलीचा किल्ला समोर दिसेल अशा जागीं. तिघां भावांचें एकत्र कुटुंब. थोरले दादा निवर्तल्यास सात वर्षें झालीं. घरांत आतां वडील माणूस म्हणजे आमच्या वहिनी, वय ब्याऐंशी. घराच्या मागल्या अंगास लांबच लांब पडवी आहे. पूर्वीं तींत गुरें असत. म्हशाच्या जत्रेंतून आणलेली शेवटची बैलजोडी विकल्यावर पडवी कांहीं वर्षें लांकूडफाट्यानें भरली. मग मधें भिंत घालून दोन खोल्या काढल्या आणि तेथें भाडेकरी आले. सध्यां तेथें एक परिचारिका राहतात. सारें घर त्यांना 'सिस्टर' म्हणतें, तेव्हां येथेंहि तेंच नांव पुरे. माहेर-सासर दोन्ही वसईकडे, धर्म ख्रिस्ती. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहांचा. यजमान मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत कामाला होते. किन्हवली-सरळगांवावरून रोज जात-येत. दिवाळीच्या तोंडाशीं तें काम सुटलें. नवें काम पाहण्यासाठीं ते वसईस भावाकडे जाऊन राहिले, आणि एका पगारावर दोन ठिकाणचा खर्च येऊन पडला.

डिसेंबरच्या आरंभीं एके रात्रीं पंगतीला माझी नात म्हणाली, "आजोबा, सिस्टरनीं मुलांना सांगितलं, ह्या वर्षीं नाताळ करायचा नाहीं. मग देव रागावेल का हो?"

घांस हातांतच राहिला. सण न करण्याचें दुःख काय असतें तें आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. दादा गेले त्या वर्षीं आमची दिवाळी झाली नव्हती. पण तें सुतक होतें. पैशांवांचून सण राहणें ही निराळी गोष्ट. त्यांत मुलांपुढें मान खालीं जाते. मी म्हटलें, "आपण कांहीं करूं." तेव्हां वहिनी ताटावरून म्हणाल्या, "भावोजी, आपल्या पडवींत नाताळ?"

"पडवी आपली, वहिनी, बिऱ्हाड त्यांचें," मी म्हणालों. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचें न बोलणें म्हणजे होकार असा अर्थ आमच्या घरांत कोणी करीत नाहीं.

येथें दोन शब्द शिक्षकाच्या खोडीनें लिहितों, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला; त्याच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील जन्मवाचक शब्द आहे, आणि तें लॅटिन 'नातुस' व आपलें संस्कृत 'जात' हीं एकाच धातुकुळांतलीं भावंडें आहेत. म्हणजे नाताळ हा शब्दशः जन्मोत्सवच. वसई 1534 त पोर्तुगीजांकडे गेली, 1739 त चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. किल्ल्यावरचें निशाण बदललें, पण आजूबाजूच्या गांवांतून जे ख्रिस्ती झाले होते ते ख्रिस्तीच राहिले आणि मराठीच बोलत राहिले. त्यांतील सामवेदी कुटुंबें आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते असें परंपरेनें सांगतात. त्यांची कादोडी नांवाची बोली आहे. सिस्टर मुलांना त्याच बोलींत रागें भरतात, आणि वहिनींना ती निम्मी कळते, निम्मी कळत नाहीं. 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा निराळा निघाला. तोंवर वसई आणि शहापूर हीं एकाच ठाणें जिल्ह्यांतलीं गांवें होतीं. आणि ज्या बालकाचा हा जन्मोत्सव, त्याची कथा मराठी ओवींत येऊनहि चारशें वर्षें होऊन गेलीं: फादर स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेझुइट 1579 त गोव्यास आला, आणि त्याचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' 1616 त छापून निघालें. इतका जुना शेजार आहे. आपणांस मात्र नाताळ म्हटला कीं दुकानांतला लाल टोपीचा म्हातारा तेवढा आठवतो.

दुसऱ्या दिवशीं मी सिस्टरना विचारलें, "तुमच्याकडे नाताळाला अवश्य असें काय लागतें? हौसेचें सोडून द्या."

त्या प्रथम संकोचल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, दारांत चांदणी आणि घरांत गोठा. बाकी सगळं मागाहून आलेलं. आमच्या लहानपणीं आळींतलीं मुलं मिळून गोठा करायचीं. झाड असलं तर सुरूची एखादी फांदी."

हें ऐकून माझें अर्धें ओझें उतरलें. चांदणी ही पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना वाट दाखविणाऱ्या ताऱ्याची खूण. आणि गोठा म्हणजे ज्या गोठ्यांत तें बालक जन्मास येऊन गव्हाणींत निजविलें गेलें त्याचा देखावा. 1223 त इटलींतील ग्रेच्चो ह्या खेड्यांत संत फ्रान्सिस यानें हा देखावा मांडला तेव्हां त्याचें साहित्य काय होतें? एक गव्हाण, थोडा पेंढा, एक बैल आणि एक गाढव. गाढवाचें सोडलें तर आमच्या तालुक्यांत ह्यांतील कोणती वस्तु विकत आणावी लागेल?

गव्हाण तर घरांतच होती. संस्कृतांत जिला गवादनी म्हणतात तीच ही. पडवी मोकळी केली तेव्हां दादांनीं ती फोडूं दिली नव्हती, माळ्यावर चढवून ठेविली होती. सागवानी, एका अंगानें वाळवी लागलेली, आणि कांठ बैलांच्या मानांनीं घासून गुळगुळीत झालेला. ती खालीं उतरविली तेव्हां आमच्या नातवंडांनीं विचारलें, "ही कसली पेटी?" गुरांच्या घरांत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न जरा लागतोच. असो.

आतां चांदणीविषयीं, कारण पत्रकर्त्या भगिनींना तिचा उपयोग होण्यासारखा आहे. आपल्या आकाशकंदिलाची ज्याला संवय आहे त्याला ही अवघड नाहीं. बुरुडाकडून एक ओला बांबू घेऊन त्याच्या कामट्या काढाव्या. ओल्या असल्या म्हणजे मोडत नाहींत. अडीच-अडीच फुटांच्या दहा कामट्या सारख्या कापाव्या. पांच कामट्या एकमेकींच्या वरून-खालून घेत टोंकें दोऱ्यानें बांधलीं कीं पांच टोंकांची चांदणी होते आणि मधोमध पंचकोन राहतो. अशा दोन चांदण्या करून एकीवर एक ठेवाव्या, टोंकें टोंकांशीं बांधावीं, आणि मधल्या पंचकोनाच्या पांच कोंपऱ्यांत चार-चार इंचांचे पांच तुकडे दोहींच्या मधें उभे करावे. म्हणजे चांदणी पोटांत फुगते. वर पतंगी कागद मैद्याच्या खळीनें चिकटवावा, पाठीमागें एक खण उघडा ठेवावा. आंत पणती मुळींच ठेवूं नये. कागदाचे कंदील जळतांना मीं एकाहून अधिक पाहिले आहेत. दिवाळीचा लहानसा एलईडी दिवा पुरतो. टोंकाचा प्रत्येक कोन 36 अंशांचा आणि पांचांची बेरीज बरोबर 180, हें मीं मुलांकडून कोनमापकानें मोजवून घेतलें. सिस्टरच्या मुलीची बेरीज 183 आली. तिनें कामटी सोडून पुन्हां बांधली; आमचा नातू म्हणाला, "तीन अंशांनीं काय बिघडतं?" माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरींत ह्या दोन प्रकारचीं मुलें पाहण्यांतच माझा काळ गेला.

गोठ्यांतलीं चित्रें कोठून आणावीं हा प्रश्न होता. सिस्टरच्या सासरीं प्लास्टरचीं सुबक चित्रें आहेत, पण तीं वसईला. नवा संच घ्यावा तर पैसे. तो प्रश्न मुलांनींच सोडविला. आमच्या गांवचीं मुलें दिवाळींत किल्ला करतात, तो बहुधा माहुलीचा. कारण तोच दारांतून दिसतो. त्या किल्ल्यावरचीं मातीचीं चित्रें टोपलींत भरून ठेविलेलीं होतीं. त्यांतली गवळण निघाली, वाणी निघाला, दोन गाई, एक बैल, मान मोडलेलें एक मेंढरूं. एका मावळ्याच्या हातांतला भाला काढून त्याला गुराख्याची काठी दिली. पागोटें मात्र तसेंच राहिलें. मेरी, जोसेफ आणि बाळ हीं तिघें मुलीनें नदीकांठच्या मातीचीं केलीं, गेरू आणि चुन्यानें रंगविलीं. बाळ अंगठ्याएवढें झालें आणि मेरीपेक्षां त्याचें डोकें मोठें झालें, तरी तें बदलूं नये असें सर्वांचें मत पडलें.

पेंढ्याची वाण नव्हतीच. भाताची झोडणी नुकतीच आटोपलेली. गांवाबाहेर जिकडे तिकडे उडव्या उभ्या. आमच्या शेताचा खंडकरी दोन पेंढ्या सहज टाकून गेला. झाडाच्या फांद्यांविषयीं मात्र मीं मुलांना प्रथमच बजावून ठेविलें होतें: आमच्या भोंवतीं तानसाचें अभयारण्य आणि राखीव रानें आहेत, तेव्हां सजावटीसाठीं तेथली एक डहाळीहि तोडावयाची नाहीं. आंगणांतल्या बोरीची वाळकी फांदी चुन्यांत बुडवून वाळविली, ती पांढरीशुभ्र झाली. तिला रंगीत कागदाचीं फुलें बांधलीं कीं झालें.

ह्या सगळ्यांत वहिनी कोठें होत्या? मागल्या दाराच्या उंबऱ्याशीं खुर्ची टाकून बसत आणि जपमाळ ओढीत. गोठ्याभोंवतीं हिरवें गवत हवें म्हणून सिस्टरकडे नाचणी किंवा गहूं पेरण्याची रीत आहे. चौदा तारखेस मुलें पत्र्याच्या थाळ्यांत माती भरून गहूं पेरावयास बसलीं. त्यांनीं दाणे चांगले बोटभर खोल दाबले. वहिनींच्या हातांतली माळ थांबली.

"अरे, तें रुजवण आहे कीं पुरण घालतां आहां? वरवर पेर. आधीं रात्रभर भिजत घालायचे असतात."

साठ वर्षें नवरात्रांत घटाखालीं धान पेरणाऱ्या हाताला तें पाहवेना. माळ खुंटीला लागली, आणि थाळे त्यांच्या ताब्यांत गेले. गहूं भिजविले, मोड दिसूं लागल्यावर काळ्या मातींत पेरले, सकाळ-संध्याकाळ हातानें पाणी शिंपडलें. फरक एवढाच सांगावासा वाटतो कीं, देवघराच्या अंधारांत वाढणारें आपलें धान पिंवळसर निघतें, आणि गोठ्याचें गवत हिरवें हवें असतें; म्हणून थाळे पाटाच्या मदतीनें उन्हाबरोबर आंगणभर फिरत होते. फिरविणारे दोन्हीं घरचे. दहाव्या दिवशीं गवत वीतभर उंच झालें. वहिनींचें मत बदललें असें मी म्हणत नाहीं. कोणी वाईट पेरीत असलें तर त्यांना सहन होत नाहीं, इतकेंच मीं पाहिलें.

मधल्या शनिवारीं मात्र माझ्याकडून एक चूक झाली. धाकट्या भावाचा मुलगा ठाण्यास नोकरीला असतो, आठवड्यानें घरीं येतो. तो हातांत लांबट खोकें घेऊन आला. आंत प्लास्टिकचें झाड, दिव्यांची माळ आणि वर ठेवावयाचा कापसाचा बर्फ. किंमत 1,850 रुपये. मी भडकलों. सर्वांसमक्ष त्याला म्हणालों कीं, सह्याद्रीच्या पायथ्याशीं तूं बर्फ पाडणार काय? हें झाड मुळांत जर्मनीचें. राणी व्हिक्टोरियाचा जर्मन पति आल्बर्ट यांच्या घरचें चित्र 1848 त लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत छापलें गेलें आणि तेव्हांपासून सारें जग त्याच्या मागें लागलें. आम्ही येथें दीडदोनशें रुपयांत सण उभा करतों आहों, आणि तूं त्यावर प्लास्टिक आणून ओततोस! पोरगा कांहीं बोलला नाहीं. खोकें तसेंच ओटीवर ठेवून आंत गेला. त्याची आई दिवसभर माझ्याशीं नीट बोलली नाहीं.

संध्याकाळीं सिस्टरना हें कळलें. त्या म्हणाल्या, "गुरुजी, रागावूं नका, पण तें झाड आमच्या भावजींनीं घेतलं तसंच आहे, दहा वर्षं वापरतात. दरवर्षीं सुरूची फांदी आणायची म्हणजे पन्नास रुपये, आणि ती चार दिवसांत वाळते."

मी रात्रीं जमाखर्चाची वही काढली. आमचा खर्च असा झाला होता: बांबू 60, पतंगी कागदाचे आठ ताव 40, दोरा 15, गेरू 20, चुना 10, रंगीत कागद 45, एकूण 190 रुपये. पुतण्याचें झाड दहा वर्षें टिकलें तर वर्षास 185 पडतात. म्हणजे मी पांच रुपयांनीं हरलों होतों! पुढल्या वर्षीं चांदणीचा सांगाडा तोच राहील, खर्च कागदाचा तेवढा येईल, असें मीं मनाशीं म्हटलें. मोठ्यानें म्हटलें नाहीं. सकाळीं पुतण्याला बोलावून "झाड सिस्टरकडे लावून दे, कापूस तेवढा गादींत घाल" असें सांगितलें. तो हंसला, त्याअर्थीं त्यानें क्षमा केली असावी.

त्यानें तें झाड आमच्या माजघरासाठीं आणलें नव्हतें, हेंहि तेव्हां कळलें. माजघरांत तें असावें असें माझें मत आजहि नाहीं. ज्या घरांत तो जन्म साजरा करण्याची श्रद्धा नाहीं, तेथें त्याची नुसती आरास मांडणें मला नाटकासारखें वाटतें. आणि मुलांना आरास हवी असली तर ज्यांचा सण आहे त्यांच्या दारीं जाऊन हात लावावा, तेथें करण्यासारखें पुष्कळ असतें. पत्रकर्त्या भगिनींच्या आळींत एखादें ख्रिस्ती घर खास असेल. त्यांच्या सासूबाईंना विचारून पाहावें. बहुधा रुजवण त्यांनाहि येत असेल.

चोवीस तारखेस चांदणी पडवीच्या आढ्याला लागली. अंधार पडल्यावर दिवा लावला तेव्हां तांबड्या-पिंवळ्या कागदांतून कामट्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या, आणि 180 अंश बरोबर भरल्याचें सार्थक वाटलें. गव्हाण नव्या पेंढ्यानें भरली. "जुना पेंढा घालूं नका, बाळंतिणीच्या खोलींत जुनं कांहीं चालत नाहीं," असें वहिनींनीं बजावलें होतें. भोंवतीं गव्हाचें गवत, गाई, गवळण, पागोटेंवाला गुराखी. मेरी आणि जोसेफ मधें. बाळाची जागा रिकामी. कारण मध्यरात्रीं जन्म होईपर्यंत बाळ ठेवीत नाहींत.

आणि तेथेंच अडलें. सिस्टरची त्या रात्रीं रुग्णालयांत पाळी होती. यजमान सकाळच्या गाडीनें आसनगांवला उतरणार होते. मुलीनें विचारलें, "आजोबा, बारा वाजतां तुम्ही ठेवाल?" मीं सांगितलें कीं, हें माझें काम नव्हे, तुझ्या आईचें आहे, ती येईल तेव्हां जन्म होईल. मुलगी थोडी रडली. मग बाळ एका वाटींत कापसावर ठेवून ती वाटी उशाशीं घेऊन निजली. तो कापूस बर्फाचा होता, हें मला मागाहून कळलें.

सकाळीं आठाच्या सुमारास सिस्टर आल्या. अंगावर रात्रीचा गणवेष तसाच, डोळे तारवटलेले. दोन्हीं मुलांचे हात धरून त्यांनीं बाळ गव्हाणींत ठेविलें, आणि त्यांच्या बोलींत कांहींतरी म्हटलें. आम्हीं दाराबाहेर उभें राहून पाहिलें. आंत गेलों नाहीं. त्या रात्रीं त्यांच्या कक्षांत दोन बाळंतपणें झालीं, असें त्यांनीं चहा पितांना सांगितलें. एक मुलगा, एक मुलगी, दोघेंहि सुखरूप.

दुपारीं त्यांची मुलगी ताटली घेऊन आमच्या दारीं आली. आंत नारळाच्या करंज्या आणि शंकरपाळ्यांच्या जातीचे वळलेले गोड कलकल. यजमानांनीं वसईहून आईच्या हातचे आणले होते. "अंडं नाहीं घातलेलं, आजीनं मुद्दाम सांगितलंय," असें मुलीनें उंबऱ्यावरूनच जाहीर केलें. वहिनी बाहेरचें कांहीं खात नाहींत; त्यांनीं ताटली हातांत घेतली, करंजीची मुरड निरखून पाहिली, "हात चांगला आहे" म्हणाल्या आणि करंज्या मुलांना वांटून टाकल्या.

आपल्या घरांत दुसऱ्याचें भांडें रिकामें परत करीत नाहींत. वहिनी स्वयंपाकघरांत गेल्या. बराच वेळ खलबत्त्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हां ताटलींत सुंठवडा होता.

"रामनवमी आहे का आज?" माझ्या नातवानें विचारलें.

"मूल जन्मलं म्हणतां ना?" असें म्हणून त्यांनीं ताटली मुलीच्या हातीं दिली, आणि वाळत घातलेला थाळा उन्हांतून उचलून सांवलींत ठेविला.